पन्हळी पत्र्याची व्हॅन आणि तिचे हौशी

सिट्रोएन कंपनीची टाइप एच ही मालवाहू व्हॅन 1947 साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि डिसेंबर 1981 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या चौतीस वर्षांत फ्रान्स आणि बेल्जियममधल्या कारखान्यांतून पावणेपाच लाखांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. खाटीक, पाववाले, भाजीचे व्यापारी, पोलीस, अग्निशमन दल ही तिची गिऱ्हाइकं. ही गाडी कुणी शौक म्हणून विकत घेईल, असा विचार ती बनवणाऱ्यांच्या मनाला शिवलाही नसेल. आज मात्र फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंडपासून थेट जपानपर्यंत माणसं या गंजलेल्या व्हॅन शोधून काढतात, सुट्ट्यांमागून सुट्ट्या खर्चून त्या पुन्हा चालत्या करतात आणि त्यासाठी एखाद्या बऱ्या नव्या गाडीइतके पैसे मोजतात. गाडी हळू आहे, आवाज करते, पेट्रोल भरपूर पिते. मग तिच्यात असं आहे तरी काय? नेहमी दोन उत्तरं दिली जातात: तिचं रूप आणि जुन्या फ्रान्सची आठवण. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही मला अपुरी वाटतात. माझं म्हणणं असं, की या गाडीच्या रचनेतल्या काटकसरीने बरंचसं काम पुढच्या माणसाच्या हाती सोपवलं होतं. कारखान्यातून ती निघे ती एका अर्थी अर्धी तयार. उरलेलं काम बॉडी बांधणारे, गावातले मिस्त्री आणि खुद्द मालक करत. आजचा हौशी त्याच साखळीत पुढे येऊन उभा राहिला आहे. त्याला ओढून नेणारी गोष्ट आहे ती कामाची ही उघडी जागा.

ही काटकसर कुठून आली हे आधी पाहायला हवं. 1934 मध्ये सिट्रोएन दिवाळखोरीत गेली आणि टायर बनवणाऱ्या मिशलँ घराण्याच्या ताब्यात आली. मिशलँच्या बाजूने कारभार पाहायला आलेले पिएर-ज्यूल बुलांझे यांचा सगळा भर वापरणाऱ्याची गरज नेमकी ओळखण्यावर आणि तेवढीच भागवण्यावर होता. शेतकऱ्यासाठीची प्रसिद्ध 2सीव्ही मोटार याच विचारातून आली. व्हॅनच्या बाबतीत त्या काळची रीत अशी, की मोटारीची किंवा ट्रकची चासी घ्यायची आणि तिच्यावर पेटी बसवायची. इंजिन पुढे, गाडी ढकलणारी चाकं मागे, मधून फिरणारा दांडा. त्या दांड्याच्या वर फळी, म्हणून फळी उंच. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा चढउतार करणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांचं काय होत असेल हे कुणी विचारत नव्हतं. सिट्रोएनकडे मात्र 1934 पासून पुढच्या चाकांवर चालणारी त्राक्सियों आव्हाँ ही मोटार होती. पुढची चाकंच गाडी ओढत असतील तर मधला दांडा लागत नाही आणि फळी जमिनीलगत आणता येते. हे सूत्र घेऊन 1939 मध्ये टब नावाची व्हॅन निघाली, पण युद्धामुळे तिचं उत्पादन दोन हजार गाड्यांच्या आतच आटोपलं. टाइप एच ही तिची मोठी, मजबूत आवृत्ती. फळी जमिनीपासून जेमतेम फूट-सव्वा फुटावर, आत मध्यम उंचीचा माणूस ताठ उभा राहील एवढी जागा, फुटपाथच्या बाजूला सरकता दरवाजा, आणि मागचा दरवाजा तीन भागांचा: वरचा भाग छपराकडे उचलायचा, खालचे दोन बाजूंना उघडायचे. फोक्सवॅगनची प्रसिद्ध व्हॅन 1950 मध्ये आली तेव्हा तिचं इंजिन मागच्या चाकांवर होतं, त्यामुळे मागून माल भरणं अवघडच राहिलं. मालवाहू गाडी म्हणून पाहिलं तर टाइप एच त्यापेक्षा शहाणी होती. आज जगातल्या बहुतेक छोट्या व्हॅन पुढच्या चाकांवरच चालतात, हे लक्षात घेतलं की तिचं शहाणपण किती पुढचं होतं ते कळतं.

आता पत्र्याकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तोच आहे. युद्ध संपलं तेव्हा फ्रान्समध्ये पोलाद मोजून मिळत होतं. मोटारीच्या गोलाईदार बॉडीसाठी लागणारे अवजड प्रेस आणि त्यांचे साचे यांच्यावर अफाट भांडवल घालावं लागे. बॉडीचं काम पाहणारे पिएर फ्रांशिझे यांनी वेगळा मार्ग काढला. जर्मनीच्या युंकर्स कंपनीची विमानं पहिल्या महायुद्धापासून पन्हळी पत्र्याच्या अंगाची असत. त्यांतलं तीन इंजिनांचं युंकर्स 52 दुसऱ्या महायुद्धात सगळ्या युरोपने पाहिलं होतं. पन्हळी पत्रा आपल्याला घराच्या छपरामुळे ठाऊक असतो. सपाट पत्रा हातात धरला की लवतो आणि त्याच जाडीच्या पत्र्याला पन्हळी पाडल्या की तो त्या दिशेने ताठ राहतो, कारण धातू मधल्या पातळीपासून जितका दूर जातो तितका वाकायला जास्त विरोध करतो. वजन मात्र तेवढंच. टाइप एचच्या अंगावर ठरावीक अंतरावर अशा उठलेल्या रेषा आहेत. आडव्या दिशेने मात्र पन्हळी काही मदत करत नाहीत, म्हणून आतून टोपीच्या आकाराच्या पट्ट्या त्या रेषांना काटकोनात जोडलेल्या असतात. बाहेर रेषा, आत पट्ट्या, दोन्ही पातळ, आणि मिळून तयार झालेली बॉडी बाराशे किलो माल वाहून नेते. फळी घोडा उभा राहील इतकी भक्कम होती. या सगळ्यासाठी लागले ते साधे साचे. अंगावरचा जवळपास प्रत्येक पत्रा सपाट आहे, नाहीतर एकाच दिशेने वळलेला. मोटारीच्या मडगार्डसारखा दोन्ही दिशांनी फुगवलेला पत्रा या गाडीत शोधावा लागतो. ही गोष्ट कारखान्याच्या सोयीसाठी झाली, पण तिचा खरा लाभ सत्तर वर्षांनी घरच्या गॅरेजात काम करणाऱ्याला मिळतो आहे. दोन्ही दिशांनी फुगवलेला पत्रा बनवायला मुरलेला पत्राकामगार लागतो. एका दिशेने वळवलेला पत्रा चिकाटीचा हौशी स्वतः बनवू शकतो.

यंत्राच्या बाबतीतही हाच हिशेब. नवीन काही बनवण्याआधी घरात काय आहे ते पाहायचं, हा बुलांझे यांच्या काळातला शिरस्ता. 1911 सीसीचं इंजिन त्राक्सियोंचं. तीन गिअरची पेटीही जवळपास तिचीच, फक्त ओझं ओढायचं म्हणून शेवटचं गुणोत्तर बदललेलं. चाकांच्या बेअरिंगा पुढे डीएस मोटारीशी समान झाल्या, नंतरच्या वर्षांत दिवे 2सीव्हीचे आले आणि वेगमापक तर त्राक्सियोंनंतर आमी नावाच्या छोट्या मोटारीतून उचलला. 1961 नंतर डिझेलची सोय झाली, आधी पर्किन्सचं आणि मग इंदेनॉरचं इंजिन. बाकी गाडी जवळजवळ होती तशीच राहिली. 1964 मध्ये पुढची दुभंगलेली काच जाऊन एकसंध काच आली, 1969 मध्ये मागच्या कोपऱ्यांतल्या छोट्या तिरप्या खिडक्या गेल्या आणि मागची गोल मडगार्डं चौकोनी झाली. मोठे म्हणावेत असे बदल एवढेच. याचा अर्थ असा, की 1955 ची गाडी दुरुस्त करणाऱ्याला 1975 च्या गाडीचे बरेच सुटे भाग चालतात, आणि जे व्हॅनवाल्यांकडे मिळत नाही ते त्राक्सियों किंवा डीएसच्या हौशींकडे मिळतं. त्या दोन मोटारींचे चाहते जगभर पसरलेले आणि पैसेवाले आहेत. त्यांच्यासाठी गॅस्केट, क्लच प्लेट, ब्रेकचे सिलिंडर नव्याने बनवणारे लहान कारखाने टिकून आहेत आणि व्हॅनवाल्याला त्यांचा आयता उपयोग होतो. एखाद्या जुन्या गाडीवर माणसांचं कितीही प्रेम असो, सुटे भाग नसतील तर ती अंगणात उभीच राहते. टाइप एच रस्त्यावर आहे याचं श्रेय भावनेपेक्षा भागांच्या या सामायिकपणाला जास्त द्यावं लागेल.

कारखान्यातून गाडी बहुधा राखाडी रंगाची आणि आतून रिकामी निघे. तिथून पुढचं काम कंपनीबाहेरच्या लोकांचं. उल्येझ, ल बास्तार, एतालमोबिल अशी नावं असलेले बॉडी बांधणारे ती घेत आणि गिऱ्हाइकाला हवी तशी करून देत. कुणाला गुरं न्यायची, कुणाला शवपेटी, कुणाला रुग्ण. फिरत्या दुकानाची सोय तर फ्रान्सच्या खेड्यांसाठी फार मोलाची होती. एक बाजू वर उचलली की छत, खालची फळी पाडली की गल्ला, आणि ज्या गावात दुकान उरलं नाही तिथे ठरल्या वारी ठरल्या वेळी खाटीक किंवा किराणावाला हजर. पॅरिसच्या मधोमध असलेला ले हालचा घाऊक बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रँजिसला हलवला गेला, तोवर त्या भागातल्या पहाटेच्या गर्दीत या व्हॅन सर्रास असत. पोलिसांची गाडी म्हणून ती इतकी रूढ झाली, की फ्रेंच चित्रपटांत पकडापकडीचा प्रसंग आला की हीच दिसे. सायकलींच्या तूर द फ्रान्स शर्यतीपुढे धावणाऱ्या जाहिरातींच्या ताफ्यात तिच्यावर नाना आकार चढवले गेले. ही यादी मुद्दाम दिली, कारण तिच्यातून एक गोष्ट सिद्ध होते. टाइप एचचं एकच खरं रूप असं काही नव्हतंच. मालकाने कापावी, जोडावी, बदलावी हेच तिच्याकडून अपेक्षित होतं, आणि सरळ भिंती, सपाट फळी, उघडे सांधे असल्यामुळे ते शक्यही होतं. आजचा माणूस तिच्यात झोपायची सोय करतो, कॉफीचं यंत्र बसवतो, पुस्तकांचं फिरतं दुकान थाटतो, तेव्हा तो गाडीच्या स्वभावाविरुद्ध काहीही करत नाही.

हौशी माणूस प्रत्यक्षात काय करतो ते जवळून पाहिलं तर हे म्हणणं आणखी स्पष्ट होतं. या गाडीचा मुख्य शत्रू गंज. बाहेरचा पन्हळी पत्रा आणि आतली टोपीपट्टी जिथे एकमेकांवर टेकतात तिथे पाणी शिरतं, बाहेर निघत नाही, आणि रंगाखालून पत्रा खात जातं. दरवाजाचा खालचा वीतभर भाग, चाकांवरच्या कमानी, फळीच्या कडा या नेहमीच्या जागा. दुरुस्तीची रीत अशी: आधी कारखान्यात मारलेले स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एकेक करून शोधायचे आणि ड्रिलने नेमके तेवढेच पोखरायचे, म्हणजे आतली पट्टी शाबूत राहून बाहेरचा पत्रा सुटतो. सडलेला भाग कापायचा. नव्या सपाट पत्र्यावर रुळाच्या यंत्राने रेषा पाडायच्या. हे यंत्र हाताने फिरवायचं, दोन रुळांमधून पत्रा सरकवत जायचा. मूळ रेषेशी नवी रेषा एका सरळीत आली पाहिजे, नाहीतर फरक लांबूनही दिसतो, कारण प्रकाश प्रत्येक रेषेवर सावली पाडतो. मग जुन्या भोकांतून वेल्डिंग भरून पत्रा पट्टीला जोडायचा. सपाट मोठ्या पत्र्याला वेल्डिंगची आच लागली की तो ताणतो, फुगतो आणि नंतर कितीही ठोका, लाटा राहतातच. इथे पन्हळीच त्या ताणाला आवर घालतात, त्यामुळे नवशिक्याच्या हातूनही काम बरं उतरतं. ज्याला रुळाचं यंत्र परवडत नाही त्याच्यासाठी रेषा पाडलेले तयार पत्रे विकणारे छोटे व्यवसाय युरोपात आहेत. इंजिन काढायचं तर पुढची जाळी आणि नाकाचा भाग नटबोल्ट सोडून बाजूला होतो आणि इंजिन गिअरपेटीसकट पुढच्या बाजूने बाहेर घेता येतं. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, पान्ह्याने सुटतं. आजच्या व्हॅनचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण आणि त्याखाली संगणक. तिथे मालकाला करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ज्यांना हाताने काम करायची ओढ आहे त्यांना ही वंचना खरोखर बोचते.

तिच्या अडचणी झाकण्याचं कारण नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकायचा, नाहीतर दोनदा क्लच दाबून आणि मध्ये इंजिनाचे फेरे वाढवून त्याला समजवायचं. सुरुवातीच्या गाड्या ताशी ऐंशीच्या पुढे जवळपास जात नाहीत, आणि वीज फक्त 6 व्होल्टची. चाकांची रिम 400 मिलिमीटर व्यासाची, मिशलँने स्वतःच्या मापात ठरवलेली, त्यामुळे बाजारातला साधा टायर तिच्यावर बसतच नाही. खास जुन्या गाड्यांसाठी बनणारे महाग टायर घ्यावे लागतात. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले, चालत्या गाडीत चुकून उघडले तर वाऱ्याने सताड होणारे. अपघातात आघात झेलण्याची काही योजना नाही आणि चालकाचे पाय अगदी पुढच्या टोकाशी. महामार्गावर ती नेणं शहाणपणाचं नाही, आणि बहुतेक जाणते हौशी ती नेतही नाहीत. गावरस्ते आणि मेळावे यांपुरतीच ती चालवतात. या त्रुटी हौस वाढवतात असं म्हणण्याची एक फॅशन आहे. मला ते पटत नाही. टायर महाग आहेत ही अडचणच आहे, तिच्यात रम्य काही नाही. माणसं या अडचणी सोसतात कारण बाकीचं काम त्यांना मनापासून करायचं असतं.

आता पहिला आक्षेप. हा सगळा मामला स्मरणरंजनाचा आहे, लहानपणी गल्लीत आलेल्या पाववाल्याची गाडी माणसं म्हातारपणी विकत घेतात, त्याला पत्र्याचं तत्त्वज्ञान चिकटवू नका, असं कुणी म्हणेल. फ्रान्समधल्या एका पिढीपुरतं हे खरं आहे. पण जर्मनी आणि इंग्लंडमधल्या हौशींच्या बालपणात ही गाडी फारशी नव्हती. इंग्लंडमध्ये ती सिट्रोएनच्या स्लाव इथल्या कारखान्यातून फार थोड्या संख्येने निघाली. जपानी तरुणाच्या बालपणात तर ती नव्हतीच. शिवाय केवळ आठवणीच मोजायच्या तर रेनोच्या एस्ताफेतचा हक्क मोठा ठरतो. 1959 ते 1980 या एकवीस वर्षांत तिच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, म्हणजे टाइप एचपेक्षा अधिक, आणि फ्रेंच जेंदार्म पोलिसांची निळी एस्ताफेत तर प्रत्येक फ्रेंच माणसाला आठवते. तिचेही चाहते आहेत, ती वापरायलाही सोपी आहे, पण परदेशात तिच्यामागे कुणी फारसं धावत नाही. प्युजोच्या जे-7 चं तसंच. फोक्सवॅगनच्या व्हॅनचं उदाहरण उलट्या बाजूने उपयोगी पडतं. तिची हौस टाइप एचपेक्षा कितीतरी मोठी आहे, पण ती मुख्यतः प्रवासाची हौस आहे. गाडी दुरुस्त करायची ती निघून जाण्यासाठी. टाइप एचच्या माणसाला जायचं कुठे असतं असं नाही. त्याला बनवायचं असतं. आठवणीने माणूस गाडीकडे वळून पाहील, फार तर एकदा विकत घेईल, पण वर्षानुवर्षं दर शनिवारी ड्रिल हातात घ्यायला त्याहून टिकाऊ कारण लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सगळा बाजार आहे. 2010 नंतर रस्त्यावरच्या खाण्याच्या फिरत्या गाड्यांची लाट आली. सरळ भिंती, आत उभं राहण्याची सोय आणि लांबून ओळखू येणारा चेहरा यामुळे टाइप एचची मागणी एकदम वाढली आणि किमती भडकल्या. ज्या सांगाड्यांना पूर्वी कुणी विचारत नव्हतं ते विक्रीच्या जाहिरातींत झळकू लागले. नफ्यासाठी गाडी घेणाऱ्याला हौशी कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे आणि या बाजाराने नुकसानही केलं आहे. घाईघाईने कापलेल्या बाजू, पुट्टीने झाकलेला गंज, मूळ सरकता दरवाजा काढून टाकलेला, अशा गाड्या आज बाजारात पुष्कळ आहेत आणि त्या पुन्हा नीट करणं नव्याने सुरुवात करण्याहून कठीण पडतं. पण याच लाटेने एक चांगली चाचणीही घडवून आणली. केवळ रूपच हवं असेल तर ते वेगळं विकत मिळतं. 2017 मध्ये, गाडीला सत्तर वर्षं झाली तेव्हा, इटलीतल्या फाब्रित्सिओ कासेलानी आणि डिझाइनकार डेव्हिड ओबेनडॉर्फर यांनी सिट्रोएनच्याच आधुनिक जंपर व्हॅनवर बसवायचं पन्हळी रूपाचं आवरण बाजारात आणलं. काम सुबक आहे, आणि एअरबॅगसकट गाडी नवी कोरी. जपानमध्ये छोट्या केई व्हॅनना हा चेहरा चढवून देतात. या गाड्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः हॉटेलवाले, दुकानदार आणि जाहिरातदार आहे. जुन्या गाड्यांचे हौशी तिकडे गेले नाहीत. रूप हेच आकर्षण असतं तर सुखकर, सुरक्षित आणि गंजाची काळजी नसलेलं ते रूप मिळताच जुन्या सांगाड्यांची किंमत उतरायला हवी होती. तसं झालेलं दिसत नाही, कारण आवरणाच्या आतली गाडी मालकाला हात लावू देत नाही.

तिसरा प्रश्न मूळ रूप जपण्याचा, आणि तो हौशींमध्ये खरोखर वादाचा आहे. फ्रान्समध्ये तीस वर्षांपेक्षा जुनी, उत्पादन थांबलेली आणि तांत्रिकदृष्ट्या फारशी न बदललेली गाडी संग्राह्य वाहन म्हणून नोंदवता येते. 1967 पासून काम करणारा तिथला जुन्या वाहनांचा महासंघ त्यासाठी दाखला देतो. या नोंदणीत मालवाहू गाडीला मज्जाव नाही, आणि पॅरिससारख्या शहराच्या कमी-प्रदूषण क्षेत्रातही अशा गाड्यांना सूट दिली गेली आहे. टाइप एच वाचण्यात या नियमांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडचं चित्र याच्याशी ताडून पाहण्यासारखं आहे. भारत सरकारने 2021 मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले आणि नोंदणी क्रमांकात व्हीए ही अक्षरं असलेली वेगळी मालिका दिली. पण ती पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींसाठी आहे. व्यवसायाची गाडी तिच्यात बसत नाही. पुण्यात बजाज टेम्पोने बनवलेली मॅटाडोर महाराष्ट्रात दूध, भाजी, लग्नाचं वऱ्हाड आणि शाळेची मुलं वाहत काही दशकं धावली, तिच्यावरही गावोगावच्या बॉडी बांधणाऱ्यांनी हजार रूपं चढवली, आणि ती भंगारात गेली ती जवळजवळ सगळीच. माणसांना तिची माया नव्हती असं नाही. कष्टाची गाडी जपण्यासारखी असते हे कायद्याच्या भाषेत कुठे लिहिलेलंच नाही, आणि ही उणीव मला मनापासून खुपते. फ्रेंच नियमांतही अडचण आहेच. मूळ रूप म्हणजे नेमकं कोणतं? कारखान्यातून निघालेली रिकामी राखाडी पेटी, की 1962 मध्ये कुणा खाटकाने बांधून घेतलेलं दुकान? काही हौशी पहिल्या उत्तराच्या इतके आहारी जातात, की बॉडी बांधणाऱ्यांचं जुनं, दुर्मीळ काम उपटून टाकतात आणि जागी कोरी भिंत बसवतात. हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. या गाडीच्या बाबतीत नंतर केलेला बदल हाही इतिहासाचाच ऐवज आहे, आणि जुन्या गल्ल्याची फळी इंजिन क्रमांकाइतकीच जपायला हवी.

याच कसोटीवर आता विजेच्या मोटारीचा प्रश्न उभा आहे. फ्रान्सने 2020 मध्ये जुन्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत विजेची मोटार बसवण्याला रीतसर परवानगी दिली आणि टाइप एच ही त्यासाठी सोयीची गाडी आहे: बॅटऱ्यांना जागा आहे, अंतर थोडं कापायचं असतं, वेग लागत नाही. कट्टर मंडळींना ही विटंबना वाटते. मला सरसकट तसं वाटत नाही. त्राक्सियोंचं इंजिन या गाडीत आलं ते हाताशी होतं म्हणून. पर्किन्सचं डिझेल आलं ते गिऱ्हाइकाला स्वस्तात चालवायचं होतं म्हणून. बाजारात दररोज उभी राहणारी, आधीच अर्धी कापलेली गाडी विजेवर चालली तर तिच्या परंपरेला बाध येत नाही, आणि शेजाऱ्यांना धूरही होत नाही. मात्र दुभंगलेल्या काचेच्या, 1950 च्या दशकातल्या, अंगावरचा पहिला पत्रा शाबूत असलेल्या गाड्या आता मोजक्याच आहेत. त्यांच्यातलं इंजिन काढू नये. आणि जिथे काढलं जाईल तिथे नव्या मोटारीसाठी जुन्या बैठका कापू नयेत, वेल्डिंग न करता नटबोल्टवर बसेल असा जोडभाग करावा, काढलेलं इंजिन तेल भरून, गिअरपेटीसकट गाडीच्या नावाने ठेवावं. काही हौशी आज असं करतही आहेत. पुढच्या मालकाला ती मोटार उतरवून जुनं इंजिन परत बसवायचं असेल, तर एका शनिवार-रविवारात ते होण्यासारखं असलं पाहिजे.